मंगलच्या डाळीला ऊन

किस्से म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या! मुद्दाम कुणी जमवत नाही, पण स्वयंपाकघराच्या दारामागे बघावं तर एकीत एक कोंबलेल्या शंभर निघतात. आमच्या ग्रुपचे किस्से असेच जमलेत. सोमवार ते शुक्रवार आमच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. तिथला सगळ्यात थरारक प्रसंग म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकणे. जे काही घडतं ते शनिवारी दुपारपासून रविवारी संध्याकाळपर्यंत, आणि तेही हातात पिशवी असताना.

आम्ही चौघी नाशिक रोडच्या एकाच कॉलनीतल्या. मी सुनंदा. शालन महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे तिला सगळं जग चौथी ‘ब’मध्ये बसलेलं दिसतं. कुसुमचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिचं माहेर सिन्नरकडचं आणि आवाज असा की शिलाई मशीन चालू असतानाही गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. आणि चौथी मंगल. सरकारी नोकरीतून रिटायर झालेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक रेवा बंगळूरला. शनिवार-रविवारची आमची फेरी ही मंगलचीच कल्पना. दळण, मिक्सरचं भांडं, पडद्याच्या कड्या, औषधं, भाजी, जिचं जे काम असेल ते चौघींनी मिळून काढायचं आणि मग कुठेतरी काहीतरी खायचं. एकटीने गेलं तर ते काम, चौघींनी गेलं तर ती सहल, असं तिचं सरळ गणित होतं.

या फेरीला तिने एक नियमही घातला होता. जिची वस्तू घ्यायची, तिने दुकानात तोंड उघडायचं नाही! बोलायचं ते बाकीच्या तिघींनी. ‘बाईला स्वतःसाठी घासाघीस करताना लाज वाटते, दुसरीसाठी करताना चेव येतो,’ असं ती म्हणायची. ते खरंही होतं. मी आजवर स्वतःसाठी कधी भाव केला नाही, पण शालनच्या चादरीसाठी एका दुकानदाराला अक्षरशः घाम फोडला होता.

*

एकदा कुसुमला चपला घ्यायच्या होत्या. मेन रोडवरच्या एका दुकानात शिरलो. नियमाप्रमाणे कुसुम गप्प. आता कुसुम गप्प बसलीय म्हणजे काय हे तुम्हाला कळणार नाही, त्यासाठी तिला ओळखावं लागतं. ओठ दाबून, डोळे मोठे करून ती स्टुलावर बसली होती.

‘यांना रंग कुठला दाखवू?’ मालकाने विचारलं.

‘मरून,’ शालन म्हणाली.

‘टाच चालेल यांना?’

‘अजिबात नाही,’ मंगल म्हणाली. ‘हिला त्रास आहे.’

मालकाने कुसुमकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. तो स्वतः कुसुमच्या पायाशी बसला आणि हातांनी खुणा करून विचारायला लागला, घट्ट होतेय का? सैल होतेय का? कुसुमही मान डोलावून उत्तरं द्यायला लागली. मला हसू आवरेना, म्हणून मी रॅककडे तोंड करून उभी राहिले.

मालकाने मंगलला हळूच विचारलं, ‘जन्मापासून का?’

मंगलच्या डोक्यात कुसुमचे गुडघे. ‘छे हो, चाळिशीनंतर सुरू झालं.’

‘अरेरे!’ असं म्हणून त्या भल्या माणसाने आम्ही काही बोलायच्या आत स्वतःहून भाव कमी केला. बिल झालं, चपला डब्यात गेल्या आणि तेवढ्यात कुसुमचा बांध फुटला.

‘अवं, डावी लय घट्ट हाय! बदलून द्या की!’

मालकाच्या हातातून डबा पडला. तो आ वासून कुसुमकडे बघत राहिला. मंगल मात्र जागची हलली नाही. ती शांतपणे म्हणाली, ‘बघा, तुमच्या दुकानाचा गुण!’

*

मग रेवाला मुलगी झाली आणि मंगल बंगळूरला गेली. ‘सहाच महिने गं,’ म्हणाली. ओझरच्या विमानतळावर तिला सोडायला आम्ही तिघी गेलो होतो. बॅग एवढीशी, जणू दोन दिवसांच्या लग्नाला निघालीय. घर मात्र तिने असं सोपवलं, जणू वर्षभराच्या लढाईला निघालीय! तीन किल्ल्या करून तिघींना दिल्या. तुळशीला पाणी घालणं कुसुमकडे. नळ सोडणं आणि खिडक्या उघडणं माझ्याकडे. स्कूटरची बॅटरी उतरू नये म्हणून तिला दर आठवड्याला फिरवून आणणं शालनकडे. आणि आत जाता जाता मागे वळून म्हणाली, ‘तूरडाळ वर्षाची भरून ठेवलीय. अधूनमधून ऊन दाखवा. कीड लागली तर बघा!’

सहा महिने झाले. मग बाळाला दात यायला लागले. मग रेवाची सुट्टी संपली. मग पाळणाघर मिळालं, तर तिथे सर्दी मिळाली. आता ती पोर, इरा तिचं नाव, प्ले स्कूलला जाते आणि मंगल अजून ‘पुढच्या महिन्यात’ येतेच आहे.

आम्ही डाळ उन्हात घालतो. शनिवारी दुपारी डबा गच्चीवर न्यायचा, जुन्या साडीवर डाळ पसरायची, कीड लागू नये म्हणून तिने घातलेले बिब्बे वेचून बाजूला ठेवायचे, उतरत्या उन्हात पुन्हा भरायची. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या डाळीची राखण करणाऱ्या बायका जगात आम्हीच असू. गच्चीवर शेजारच्या विंगमधली एक बाई कपडे वाळत घालायला येते. तिने एकदा विचारलं, ‘कुणाची हो डाळ?’

‘मंगलची,’ मी म्हटलं.

‘कधी येणार त्या?’

‘सहा महिन्यांत.’

‘मागच्या उन्हाळ्यातही तुम्ही हेच म्हणाला होतात.’

कुसुमने डाळीवरून मान वर केली. ‘मंग? डाळीने तक्रार केली का तुमच्याकडं?’

शालनने एकदा व्यवहाराची गोष्ट काढली होती. म्हणे ही डाळ आपण तिघींनी वाटून घेऊ, संपवू आणि मंगल येईल तेव्हा नवीन भरू. कुसुम दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मीही काही बोलले नाही, पण मला ते आवडलं नव्हतं. ती डाळ मंगलने स्वतः पाखडून भरलेली आहे. गच्चीवर त्या डाळीतून हात फिरवताना मला तिची इतकी आठवण येते की सांगून सोय नाही.

*

व्हिडिओ कॉल हे आमच्या फेरीतलं सगळ्यात जड सामान! कारण तो एका हातात धरून दुसऱ्या हाताने भाजी घ्यावी लागते.

एका शनिवारी भाजीबाजारात मी मेथी निवडत होते. फोन मंगलला लावलेला.

‘जुडी उलटी कर,’ बंगळूरहून हुकूम आला. मी केली. ‘मुळं बघू. हं. आतून पिवळी दिसतेय. दुसरी घे.’

‘अगं, मी खाणार आहे मेथी, तू नाही!’

‘म्हणून काय पिवळी खाशील?’

भाजीवालीला मजा वाटायला लागली. तिने मान वाकडी करून स्क्रीनमध्ये बघितलं. ‘ताई, मग तुमच्याकडं कशी मिळती मेथी?’

मंगल म्हणाली, ‘इथे जुडी नसते हो. पाकीट असतं. मुळं कापलेली, माती धुतलेली. दारात आणून देतात.’

‘मंग बरं हाय की! बसल्या जागी!’

‘बरंच आहे,’ मंगल म्हणाली. मग म्हणाली, ‘सुनंदा, तुझी भाजी घेऊन झाली की फोन थोडा वेळ तिथेच धर. बोलू नकोस काही.’

मी फोन धरून उभी राहिले. हातगाड्या, कोथिंबिरीचा पुकारा, मागे कुठलातरी टेम्पो हॉर्न देतोय, दोन बाया वांग्यांवरून भांडतायत. मंगल काहीच बोलत नव्हती, नुसती ऐकत होती. हात दुखायला लागला तरी मी खाली घेतला नाही. शेवटी भाजीवालीनेच माझ्या हातातून फोन घेतला, वजनकाट्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, ‘बसू द्या त्यांना इथं. तुम्ही जाऊन या तुमच्या टमाट्याला.’

*

रविवारी सकाळी आम्ही गंगापूर रोडच्या पुढे एका मळ्यात मिसळ खायला जातो. पूर्वी चौघी जायचो, त्यामुळे अजूनही चार खुर्च्यांचंच टेबल धरतो. मंगल गेली त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. वेटरने विचारलं, ‘चौथ्या मॅडम यायच्यात का? प्लेटा किती?’

शालन आणि मी एकमेकींकडे बघत बसलो. ‘नाही’ म्हणायला दोघींचीही जीभ उचलेना.

कुसुम म्हणाली, ‘चार आण.’

चार आल्या. कुसुमने स्वतःची संपवली आणि मंगलचीही संपवली. पुढच्या रविवारी शालनने संपवली, त्याच्या पुढच्या रविवारी मी. मग ती पद्धतच पडली. दर रविवारी दुपारी मंगलचा फोन येतो.

‘मी काय खाल्लं आज?’

‘मिसळ. दोन पाव जास्तीचे.’

‘तर्री?’

‘दोनदा मागवलीस.’

‘तरीच!’ मंगल म्हणते. ‘तरीच दुपारपासून छातीत जळजळतंय!’

*

शालन स्कूटर फार जबाबदारीने फिरवते. इतकी की मागून येणारे कंटाळतात. पण एका शनिवारी दत्त मंदिराच्या सिग्नलला ती थोडी रेषेच्या पुढे गेली आणि हवालदाराने बाजूला घेतलं. मी मागे बसलेली, मांडीवर दळणाचा डबा.

‘मॅडम, लायसन्स. गाडीचे कागद.’

लायसन्स शालनचं, कागद मंगलचे. हवालदाराने दोन्ही नावं वाचली. ‘या मंगल कोण?’

‘माझी मैत्रीण.’

‘कुठायत?’

‘बंगळूरला.’

‘गाडी नाशिकला आणि मालकीण बंगळूरला? मग तुम्ही का फिरवताय?’

‘बॅटरी उतरू नये म्हणून,’ शालन म्हणाली. हे उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि ऐकायला शंभर टक्के खोटं. हवालदाराच्या चेहऱ्यावर ते दिसलं. मग शालनने वर्गातला आवाज काढला. ‘थांबा. तुमचं समाधान करते.’ आणि तिने थेट व्हिडिओ कॉलच लावला.

मंगल इराला भरवत होती. हवालदाराने फोन तोंडासमोर धरला. ‘मॅडम, ही स्कूटर तुमची आहे का?’

मंगल उत्तर देईना. नुसती मान इकडून तिकडे करून काहीतरी शोधत होती.

‘मॅडम, ऐकू येतंय का?’

‘येतंय हो साहेब. तुम्ही जरा बाजूला सरकता का? मागचं काही दिसत नाहीये.’

‘मागे सिग्नल आहे.’

‘तोच हो, तोच! त्या कोपऱ्यावर रसवंती होती. आहे का अजून?’

हवालदाराने क्षणभर विचार केला. मग तो खरंच बाजूला झाला, फोन वळवला आणि मंगलला रसवंती दाखवली. मग पलीकडचं फळांचं दुकान दाखवलं. मग उड्डाणपुलाची बाजू दाखवली. मागे ट्रॅफिक तुंबलं, तेव्हा कुठे त्याने फोन परत दिला. पावती फाडली नाही, ‘रेषेच्या मागे थांबत जा’ एवढंच म्हणाला. तेव्हापासून सिग्नलला शालन दिसली की तो लांबूनच हात करून विचारतो, ‘आल्या का मॅडम?’

*

आणि एकदा मॅडम आल्या! शुक्रवारी संध्याकाळी येऊन सोमवारी सकाळी परत जायचं होतं, पण आल्या. कडेवर इरा. आम्ही तिघींनी आधीचे दोन शनिवार मंगलचं घर घासूनपुसून लख्ख केलं होतं. कुसुमने उशांना नवे अभ्रे शिवले होते. शालनने स्कूटर धुऊन आणली होती. आपण किती नीट सांभाळलंय ते तिला दिसावं, म्हणून आम्ही परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारख्या हॉलमध्ये उभ्या होतो.

मंगल घरभर फिरली. नळ सोडून बघितला, पाणी स्वच्छ. गॅस पेटवला, पेटला. तुळस छातीएवढी झालेली. खाली जाऊन स्कूटरचं बटण दाबलं, एका दमात चालू. वर येऊन तिने डाळीचा डबा उघडला, मूठभर डाळ हातात घेतली, वास घेतला. एक कीड नाही!

‘किती छान ठेवलंय गं तुम्ही,’ ती म्हणाली आणि सोफ्यावर बसली. आम्ही फुलून गेलो. मग तीच म्हणाली, ‘रेवा म्हणतेय, आई, आता कायमची इथेच राहा. हे घर भाड्याने दे नाहीतर विकून टाक. मी इतके दिवस तिला म्हणत होते, अगं, माझ्या घराचं कोण बघणार? आता काय सांगू? घराचं माझ्यावाचून काही अडतच नाहीये.’

 इरा नव्या अभ्र्याची नाडी ओढत बसली होती.

‘मग तू काय म्हणालीस?’ शेवटी मीच विचारलं.

‘पुढच्या महिन्यात सांगते म्हटलंय.’

दुसऱ्या दिवशी फेरीला निघालो. दोन स्कूटर, चौघी आणि मध्ये इरा. खूप दिवसांनी सगळं जिथल्या तिथे होतं, तरी कुठेतरी टोचत होतं. कुठे ते मला चिवड्याच्या दुकानात कळलं. मंगलने बंगळूरच्या शेजाऱ्यांसाठी चिवडा घेतला. आपण नाशिककर आपल्या गावचा चिवडा असा कधी घेतो का? पाहुणे घेतात! दुकानदाराने तिला विचारलं, ‘बाहेरगावी न्यायचाय का, ताई? डबल पॅकिंग करून देऊ?’

मंगल म्हणाली, ‘हो, विमानाने न्यायचाय.’

नियमाप्रमाणे तिने बोलायलाच नको होतं. पण आमच्या तिघींच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, मग ती तरी काय करणार?

*

सोमवारी तिला ओझरला सोडून आलो आणि कुसुमच्या दुकानात बसलो. कुसुमने मशीन बंद केलं आणि फर्मान काढलं.

‘आपणच येडे हाय. आपणच तिचं घर चकाचक ठेवलं, म्हणून ती तिकडं निवांत हाय. आता काही करायचं नाय. तुळस वाळू द्या. नळ जाम होऊ द्या. बॅटरी उतरू द्या. डाळीत किडे पडू द्या! मंग बघू कशी येत नाय ती.’

‘म्हणजे असहकार,’ शालन म्हणाली.

‘ते तुझं शाळेतलं तू बघ. या शनवारी मंगलच्या घरी कुणी जायचं नाय म्हंजी नाय!’

तिघींनी एकमेकींच्या हातावर हात मारला. मी घरी आले. शुक्रवारपर्यंत ठीक होतं. शनिवारी दुपारी जेवून आडवी झाले, पण डोळा लागेना. ऊन असं कडक पडलं होतं! कुंडीतली माती एव्हाना दगड झाली असेल. शेवटी म्हटलं, नुसतं बघून यावं. हात नाही लावायचा कशाला. नवऱ्याला सांगितलं, औषधं आणायला जातेय.

मंगलच्या जिन्यात वरच्या पायरीवर शालन. हातात स्कूटर पुसायचं फडकं.

‘तू इकडे कशी?’ ती खेकसली.

‘औषधं आणायला. आणि तू?’

‘मी... मीटरचं रीडिंग बघायला.’

‘फडक्याने?’

तिने फडकं पाठीमागे लपवलं. आम्ही दोघींनी जिन्यात उभं राहून शपथ घेतली की हे कुसुमला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती सोलून काढेल. मग हळूच किल्ली लावली आणि दार ढकललं.

बाल्कनीत कुसुम उभी. कंबरेला पदर खोचलेला, हातात तांब्या, तुळशीखाली पाण्याचं तळं. हॉलमध्ये जुनी साडी घडी घालून तयार आणि तिच्यावर डाळीचा डबा!

ती आमच्याकडे बघतच राहिली. मग तांब्या रोखून ओरडली, ‘मला ठावं होतं तुम्ही येणार म्हणून! तेच बघायला आले मी!’

*

म्हणजे असहकार काही आम्हाला जमणारा नव्हता. त्याच दुपारी डाळ गच्चीवर टाकून आम्ही मंगलच्या हॉलमध्ये बसलो. महिना संपत आला होता. आता कधीही मंगल रेवाला ‘हो’ म्हणेल आणि मग या घरात कुणीतरी भाडेकरू येईल, आमच्या किल्ल्या परत जातील, हे तिघींनाही कळत होतं. कुसुम तर चक्क रडली. ‘एवढ्या लांब एकटी काय करल ती?’ असं म्हणून रडली, पण ते ती आपल्याबद्दलच बोलत होती. मीही रडले असते, पण शालन म्हणाली, ‘रडून काय होणार? घर खरंच बिघडवता येत नसेल, तर बिघडलंय असं सांगू.’

‘खोटं?’ मी विचारलं.

‘खोटं. पण नीट. भिंतीला ओल आलीय म्हणायचं. ओल हा प्रकार असा आहे की घरमालकाला स्वतः यावंच लागतं. सुनंदा, तू बोल. तुझा चेहरा मुळातच काळजीचा आहे.’

मी साधा फोन लावला. मंगलने उचलला, मागे इराचा आणि रेवाचा आवाज येत होता.

‘मंगल,’ मी म्हटलं, ‘घाबरू नकोस. पण हॉलच्या भिंतीला ओल आलीय. सोफ्याच्या मागे. फार वाईट दिसतंय.’

‘अगं बाई! थांब, व्हिडिओ करते. दाखव बघू.’

याचा विचार आम्ही केलाच नव्हता! सोफ्याच्या मागची भिंत हस्तिदंती, कोरडी ठणठणीत. स्क्रीनवर मंगलचा चेहरा आला. मी फोन छताकडे धरला. ‘थांब हं, रेंज जातेय.’

‘मला छत दिसतंय.’

‘हो, रेंजच तशी आहे.’

शालनने कपाळावर हात मारला. कुसुमने एक क्षण भिंतीकडे बघितलं, एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि तुळशीचा तांब्या उचलून सगळं पाणी सप्पकन भिंतीवर मारलं! मी घाईघाईने कॅमेरा फिरवला.

भिंतीवर ताटाएवढा ओला डाग पडला होता. त्यातून पाणी घरंगळत खाली येत होतं, सोफ्याच्या पाठीवर थेंब थेंब टपकत होतं. कुसुम बाजूला व्हायचं विसरली होती. हातात रिकामा तांब्या घेऊन ती डागाच्या शेजारीच उभी होती.

मंगल बघत राहिली. 

‘काय झालं गं, आई?’ मागून रेवाचा आवाज आला.

‘काही नाही, घराचा जरा मोठा प्रॉब्लेम झालाय,’ मंगल म्हणाली. स्क्रीन हलली. तिच्या चपलांचा आवाज, मग दार सरकवल्याचा आवाज. ती गॅलरीत येऊन उभी राहिली होती आणि दार तिने मागे लावून घेतलं होतं. फोन तोंडाजवळ धरून हळू आवाजात म्हणाली, ‘सुनंदा, त्या भिंतीतून पाइप जात नाही.’

 शालनने माझ्या खांद्यावरून तोंड पुढे केलं. ‘मंगल, अगं, ते म्हणजे, आम्ही...’

‘ऐका आधी,’ मंगल म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज चपलांच्या दुकानातलाच, शांत होता. ‘एवढ्याशा ओलीने रेवा मला सोडायची नाही. म्हणेल, एखादा मिस्त्री पाठव. अजून वर घ्या. खिडकीपर्यंत. आणि कुसुमला बाजूला करून फोटो पाठव.’

कुसुमने तांब्या खाली ठेवला आणि बाथरूममधून बादली भरून आणली.